बांधावरच्या ऐनाच्या फांद्या

कर्जतहून खोपोलीकडे येताना शेतांच्या बांधांवर जी झाडं दिसतात, ती बघून बाहेरची माणसं हळहळतात. सरळ उभं खोड, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, बाजूला एकही फांदी नाही आणि डोक्यावर पानांचा एक झुबका. कुणी तरी छळ केल्यासारखी. माझी कॉलेजातली एक मैत्रीण पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा रिक्षातून उतरायच्या आधीच म्हणाली, तुमच्याकडे झाडांना कुणी वाली नाही वाटतं. मी तिला घरी नेऊन आधी चहा पाजला आणि मग सांगितलं, की या झाडांना जेवढे वाली आहेत तेवढे तुझ्या अख्ख्या सोसायटीला नसतील.

हा ऐन. पौष-माघात, पानं झडायच्या आधी, त्याच्या फांद्या छाटतात. पानांसकट छाटलेल्या या फांद्यांना आम्ही कवळ म्हणतो. कवळाचे भारे बांधून वाळवायचे. उन्हाळ्यात शेताच्या एका कोपऱ्यात शेणाचा थर द्यायचा, त्यावर कवळ, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पालापाचोळा, वरून बारीक माती, आणि वारा पडलेला बघून ते सावकाश धुमसू द्यायचं. याला राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या तुकड्यात तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, आणि तिथे टाकलेलं बी एकसारखं उगवतं. खाली गावात भाताचा राब असतो, वर डोंगरातल्या वाडीवर नाचणीचा आणि वरीचा. छाटतानाही रीत आहे. शेंड्याला हात लावायचा नाही, साल फाटू द्यायची नाही, कोवळ्या झाडावर चढायचं नाही. ही रीत पाळली तर ऐन पिढ्यान्पिढ्या फुटत राहतो. आमच्या बांधावरचे ऐन माझ्या पणजोबांच्या आधीचे आहेत.

हे सगळं मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेला वेळ चळवळीत. घरात पलंगाखाली, फळीवर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली आणि वाचायला त्यांच्या पुढच्या बाजूवर शिकले. पाण्याचा हक्क, वनहक्क, किमान वेतन हे शब्द मला चिऊकाऊच्या गोष्टींआधी कळले असं आई म्हणायची, आणि ती कौतुकानं म्हणायची की वैतागून, ते तिच्या त्या दिवसाच्या कामावर अवलंबून असे. बाजाराच्या दिवशी बाबांबरोबर शिळफाट्याला उभं राहून मी पत्रकं वाटत असे. पत्रक घेणारा माणूस ते वाचतो की त्यात भजी गुंडाळतो, हे बघायला मागे वळायचं नाही, अशी बाबांची शिकवण होती.

त्यातल्या एका पत्रकात आमच्या डोंगराची हकिगत होती. ती मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. आजोबांच्या तरुणपणी गावामागचा डोंगर उघडा पडला होता. कोळशाच्या भट्ट्यांसाठी ठेकेदारांनी आधी मोठी झाडं नेली, मग मधली, मग मुळंसुद्धा खणली. पाऊस वरून यायचा तो माती घेऊनच. वाडीचा झरा होळीच्या आत आटायचा आणि खालच्या खाचरांत गाळ भरायचा. तेव्हा वाडीतली ठाकर मंडळी आणि गावातले भातवाले एका वडाखाली बसले. ठरलं ते एवढंच: डोंगरावर हिरव्या लाकडाला कुऱ्हाड लावायची नाही. पण वाडीनं राब कशावर भाजायचा? तर गावानं आपल्या बांधावरचे ऐन दिले. जमीन गावाची, झाड बांधाचं, फांद्या वाडीच्या. कोणत्या बांधावरचे ऐन वाडीतल्या कोणत्या घराचे, तेही वाटून झालं. वाडीच्या माणसांनी छाटायचं, अर्धं कवळ शेतमालकाच्या राबाला टाकायचं, अर्धं वर न्यायचं. कागद नाही, सही नाही.

आज तो डोंगर उभा आहे. ऐन, साग, मोह, हिरडा, आवळा. झरा वैशाखातही पाझरतो. महामार्गाच्या कडेला फलक लागलेत, निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर. ते वाचलं की माझं डोकं तडकतं. ही कूस आपोआप हिरवी झालेली नाही. कुणी तरी हात आवरला म्हणून ती हिरवी आहे, आणि तो हात आवरता यावा म्हणून कुणी तरी आपला बांध मोकळा करून दिला. फलकावर त्यांचा उल्लेख नसतो. म्हणून मी इथे करते आहे.

आमच्या बांधावरच्या ऐनाच्या फांद्या वाडीतल्या एका मावशीच्या घराच्या. रक्ताची नव्हे, पण मला बोलता यायच्या आधीपासूनची मावशी. तिच्या सासऱ्यांच्या वेळेपासून ती ओळ त्यांची. पौष लागला की ती आणि तिचा मुलगा खाली उतरायचे. मुलगा झाडावर, मावशी आणि माझी काकू खाली भारे बांधायला. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. दोघींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. मावशी घरी तिची ठाकरी बोलते, ती मला अर्धीच कळते. आमच्याशी मात्र आमच्यासारखं बोलते आणि आमच्यापेक्षा लवकर चिडवते. काकूच्या भाऱ्याला ती भारा म्हणायचीच नाही, सुनेचा अंबाडा म्हणायची, कारण तो वाटेत सुटायचा.

काकांचे गुडघे गेले आणि शेत करणारं घरात कुणी उरलं नाही. भावंडं पनवेल-ठाण्याला नोकरीत, मी लिहिण्यात आणि सभांत. काकांनी रस्त्याकडचं ते शेत विकायचं ठरवलं. यात मला कुणाचा दोष दिसला नाही, अजूनही दिसत नाही. पण विकायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली. जागा दाखवणाऱ्या दलालानं सुचवलं होतं, की शेत जरा बरं दिसू दे, ही बोडकी झाडं बघून गिऱ्हाईक परत जातंय. काकांनी मावशीला निरोप धाडला, या साली छाटू नको. मावशीला वाटलं, झाडांना विसावा देतायत. अधनंमधनं कुणी देतंही. तिनं मान डोलावली. पुढच्या साली पुन्हा तोच निरोप गेला.

बांधावरचा ऐन दोन पावसाळे न छाटता कसा दिसतो हे आमच्या गावातही कुणी पाहिलं नव्हतं. बांधावर ओळीनं हिरवे डेरे उभे राहिले. काका स्वतःच जाऊन बघत बसायचे. आपल्याकडे एवढी देखणी झाडं होती हे त्यांना सत्तरीत कळलं.

गिऱ्हाईक आलं ते या झाडांवर भाळूनच. मुंबईत राहणारे, मूळचे साताऱ्याकडचे शेतकरी घरातले एक गृहस्थ. नोकरीतून मोकळे झालेले, अदबीनं बोलणारे. पायातले बूट काढून बांधावरून चालले, एका खोडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मला ते आवडले. मग ते काकांना म्हणाले, मी शब्द देतो, या झाडांची एकही फांदी मी कुणाला तोडू देणार नाही. काका हसले. काकू चहाचे कप गोळा करत होती, तिचा हात तिथेच थांबला.

त्या दोन वर्षांत मावशीनं कसं निभावलं ते मला नंतर कळलं. पहिल्या साली आधीचं उरलेलं कवळ आणि पेंढा जाळला. दुसऱ्या साली पलीकडच्या वाडीतल्या भावाकडून थोडे भारे मागून आणले, बाकी नुसता पातेरा. पातेरा भसकन जळतो, खालची माती तापत नाही. नाचणीच्या रोपात तण माजलं, लावणीला रोप पुरलं नाही, वरचा अर्धा उतार ओसाड राहिला. आता तिसरी साल आली होती आणि भावाकडे मागायला तोंड नव्हतं. वाडीत कुजबूज सुरू झाली होती, की खालच्यांनी शब्द मोडला तर आपण तरी किती दिवस बांधून घ्यायचं. डोंगर तर दारातच आहे. एका घरानं एकदा कोयता लावला की दुसरं घर थांबणार नव्हतं. बांधाबांधावर असेच सौदे चालू होते.

काकूनं हे रात्रीच्या जेवणात काढलं. काका म्हणाले, जमीन विकली की झाड आलं, झाड आलं की फांदी आली, यात नवीन काय.

"शेपूट ठेवून म्हैस इकतंय काय कुनी?" त्यांनी विचारलं.

"शेपूट नका ठेवू," काकू म्हणाली. "पन पोटातलं रेडकू दुसऱ्याला बोललेलं असंल, तर ते बाजारात सांगावं लागतं. तुमीच तर सांगितलं व्हतं एकदा भर बाजारात."

काकांनी ताट सरकवलं. आमच्याकडे जनावर अर्धेलीनं पाळायची पद्धत आहे, म्हणजे जनावर एकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं आणि वाढ दोघांत वाटायची. त्यातलं वासरू कुणाचं, यावरून भांडणं झाली तरी ते लपवून विकायची लाज सगळ्यांना वाटते. फांद्यांचं तसंच आहे हे काकांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना सौदा मोडायची धास्ती होती.

मी तर पेटलेच होते. त्याच रात्री कागद घेतला आणि पत्रक लिहायला बसले. मथळा जमला, पहिला परिच्छेद जमला. सकाळी काकूला वाचून दाखवला. तिनं भाकरी थापता थापता शेवटपर्यंत ऐकला, आणि म्हणाली, ते साहेब एकटेच हायत, घरची धरली तर चार जनं. चार कागद हातानंच लिव, छपाईचा खर्च कशाला.

मग हसू आवरून म्हणाली, "त्यांना कुनी सांगितलंच नाय गं. आधी सांगूया तर खरं."

खरेदीखताच्या दिवशी खालापूरला काकूनं मावशीला बरोबर घेतलं. काकांना हे जीपमध्ये बसल्यावर कळलं. सगळी वाट ते खिडकीतून बाहेर बघत होते. नोंदणी कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दस्त लिहिणारे बसतात, समोर संगणक, बाजूला झेरॉक्सचं यंत्र. आमचा दस्त तयार होता. त्या शेतावर काकांच्या जोडीला काकूचं नाव आहे. त्याचीही एक हकिगत आहे. घरधनिणीचं नाव सातबाऱ्यावर लावा, असं एक पत्रक बाबांनी कधी काळी काढलं होतं आणि पहिलं सख्ख्या भावाच्या दारात नेऊन दिलं होतं. काकांनी भावाची कटकट टळावी म्हणून नाव लावून टाकलं. त्या पत्रकाचं पुढे कुठे काय झालं ते माहीत नाही, पण आमच्या घरात त्याचं एवढं झालं.

लिहिणाऱ्यानं दस्त वाचून दाखवला. जमीन, तीवरील झाडेझुडपे, दगडमाती यांसह, असं त्यात होतं. काकू म्हणाली, थांबा.

"झाडं घ्या, बांध घ्या. फांद्या आमच्या नायत. जे माझं नाय ते मी कशी इकू?"

ते गृहस्थ गोंधळले. त्यांना वाटलं, वाढवून मागायची ही रीत असावी. काकूनं मावशीला पुढे केलं आणि म्हणाली, फांद्या हिच्या घरच्या हायत, हिच्या सासऱ्याच्या येळेपासनं. मग कवळ काय, राब काय, वाडी आणि डोंगराचं काय ठरलं होतं, सगळं तिनं एका दमात सांगितलं. काका मान खाली घालून बूट जमिनीवर घासत होते. ते मध्ये बोलले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एका शब्दानं ते सगळं उधळू शकले असते.

गृहस्थांना राग आला नाही, वाईट वाटलं. ते म्हणाले, "अहो, पण मी झाडं वाचवायलाच जागा घेतोय. आणि तुम्ही मला ती तोडायला परवानगी द्या म्हणताय."

इथे मला राहवलं नाही. मी म्हणाले, तुम्ही जी वाचवताय ती ओळीतली नऊ-दहा. ती दर साली छाटली जातात म्हणून मागचा अख्खा डोंगर उभा आहे. ती छाटायची थांबली तर कोयता वर जाईल, आणि तो डोंगर तुमच्या सातबाऱ्यावर नाही, कुणाच्याच नाही, त्याला असा शब्द देणारं कुणी भेटणार नाही. माझा आवाज सभेतल्यासारखा चढला होता. शेजारच्या टेबलावरचे लोक काम सोडून ऐकायला लागले. मावशीनं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, अगं, त्यांना दम तरी खाऊ दे.

ते शेडबाहेर गेले. फोन लावला, बहुतेक बायकोला. आवारातल्या जांभळीखाली येरझाऱ्या घालत बराच वेळ बोलत राहिले. लिहिणाऱ्यानं आम्हाला विचारलं की दस्त ठेवू का फाडू. काकूनं डब्यातली भाकरी काढून सगळ्यांना वाटली. काकांनीही घेतली.

ते परत आले तेव्हा त्यांनी मावशीला नमस्कार केला आणि एकच मागणं केलं. एक झाड त्यांच्यासाठी राखावं, कधीच छाटू नये. त्यांना ते तसं वाढताना बघायचं आहे.

मावशीनं जरासा विचार केला. "घ्या की. इहिरीकडंचं शेवटचं घ्या."

काकू एकदम खोकली. मला नंतर समजलं की विहिरीकडच्या ऐनावर लाल मुंग्यांची घरटी असतात. मावशीचा मुलगा दर साली त्याच्यावर चढताना आईच्या नावानं खडे फोडायचा. मावशीनं साहेबांना पसंतीचं झाड दिलं आणि मुलाची सुटका केली. काकूनं न राहवून ते तिथेच सांगून टाकलं. गृहस्थ मोठ्यानं हसले, म्हणाले, चालेल, मुंग्याही माझ्या.

आता हे लिहायचं कसं, हा प्रश्न लिहिणाऱ्यापुढे होता. त्यानं आपल्या सवयीचे शब्द शोधले. बांधावरील ऐनाच्या फांद्या छाटून नेण्याची पूर्वापार वहिवाट, विहिरीजवळील एक झाड वगळून, शेंडा राखून. शेंडा राखून हे मावशीनं घालायला लावलं. तिच्या नंतरच्यांनीही ते वाचावं म्हणून. मग त्यानं विचारलं, मुदत किती टाकू?

काकू म्हणाली, "डोंगर हाय तवर."

त्यानं टाइप केलं: कायम. काकूनं संथपणानं ते ओळ न ओळ वाचलं, मग सही केली.

त्या साली पौषात ओळ छाटली गेली. नवे मालक मुद्दाम आले होते. कोयत्याच्या पहिल्या घावाला त्यांनी तोंड फिरवलं, पण निघून गेले नाहीत. दुपारी त्यांनी स्वतः एक भारा बांधायला घेतला, आणि तो सुटल्यावर मावशीनं त्यांना काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, कारण ते आता आमचे शेजारी आहेत. संध्याकाळी बोडक्या ओळीकडे बघत त्यांनी मला विचारलं, हे खरंच पुन्हा फुटेल? मी म्हणाले, फुटेल. त्यांचा विश्वास बसला नाही, आणि मी पहिल्यांदाच समोरच्याला पटवायच्या भरीला पडले नाही. फुटायचं काम ऐनाचं होतं.

मी एक भारा डोक्यावर घेऊन मावशीच्या मागोमाग वाडीच्या वाटेला लागले. ती वाट डोंगराच्या रानातूनच जाते. दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर कोवळ्या ऐनाच्या, सागाच्या फांद्या, वाकवल्या तर मुठीत येतील अशा. पुढे मावशीचा मुलगा, त्याच्या कमरेला कोयता, डोक्यावर खालून आणलेलं ओझं. मधे त्याचा भारा एका फांदीत अडकला. तो थांबला, डोक्यावरचं ओझं सावरून गुडघ्यात वाकला, फांदीखालून अलगद निघाला आणि चालू लागला. मागून येणाऱ्या आम्हीही तशाच वाकून गेलो.